पिपरीचा कूलर, पिंपरीचं गिऱ्हाईक

मार्च लागला की विदर्भातला माणूस माळ्यावरून कूलर खाली काढतो आणि मागच्या वर्षी ताट्या का बदलल्या नाहीत, यावरून घरात भांडतो. या भांडणावर आमच्या दादाचं घर चालतं. वर्ध्याजवळ पिपरी मेघेत त्याचं कूलरचं दुकान आहे. पत्र्याची बॉडी स्वतः ठोकायची, पंखा-मोटर नागपूरहून आणायची, ताट्या वुडवूलच्या आणि गिऱ्हाईक हौशी निघालं तर वाळ्याच्या. जाहिरात म्हणाल तर एक कूलर दिवसभर रस्त्याकडे तोंड करून चालू ठेवायचा. 45 अंशांच्या उन्हात त्याच्यासमोरून जाणारा माणूस थांबतो, शर्टाची वरची गुंडी काढतो, डोळे मिटतो आणि नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून थोड्या वेळानं भाव विचारतो. वर्षानुवर्षं दुकान असं चाललं.

मग पुतण्या इंजिनिअरिंगला गेला.

पहिल्या सुट्टीत त्यानं वेबसाइट काढली. तीवर बर्फाचे डोंगर होते, एक पेंग्विन होता आणि खाली कोपऱ्यात दादाचा कूलर होता, पेंग्विनला भ्यायल्यासारखा. वेबसाइट पाहायला आलेल्यांचा आकडा रोज दिसे. तो वाढावा म्हणून दादा दुकानातून पाही, मी घरून पाही, आणि रात्री जेवताना आकडा वाढला म्हणून दोघंही एकमेकांचं अभिनंदन करत असू.

"बाबा, जाहिरात द्या लागते," पुतण्या म्हणाला. "लोक शोधतात तवा आपन वर दिसाव लागते. कोनी दाबलं तरच पैसे, येका येळेचे पंधरा रुपये."

"अन् नाही दाबलं तं?"

"फुकट."

दादा या एका शब्दावर पाघळला. वहिनींना मात्र शंका आली. "दाबलं म्हंजे वेबसाइटवर आला, घेतलं नाही ना काही?" त्यांनी विचारलं. "दुकानात येनाऱ्या हरेक मानसामागं आपन पंधरा रुपये देले असते तं आतापावतर घर गहाण पडलं असतं. अर्धी पिपरी तं थंडं पानी प्याले येते." या प्रश्नाला इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. जाहिरातीचं ठरलं. माझ्या डोळ्यांना चष्मा आहे, एवढ्या भांडवलावर मला लेखन विभाग मिळाला.

जाहिरात कोणत्या कंपनीकडे दिली ते सांगत नाही. नाव घेतलं तर तेही क्लिक धरतील. पण या प्रकाराचा इतिहास पुतण्यानं आम्हाला सांगितला तेव्हा हिंगणघाटकडचे मामा आलेले होते, आणि तो प्रसंग सोडवत नाही. 1998 साली अमेरिकेतल्या बिल ग्रॉस नावाच्या माणसानं 'गोटू' नावाचं सर्च इंजिन काढलं. कोणत्या शब्दाला कोण वर दिसणार याची त्यानं सरळ बोली लावली, आणि पैसे क्लिक झाला तरच. लोकांनी नाकं मुरडली. शोधाचा निकाल कोणी विकतं का, म्हणाले. त्याच वर्षी गूगलवाल्या दोन पोरांनी एक शोधनिबंध लिहिला होता. जाहिरातीवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडेच झुकणार, अशी चिंता त्यात होती. मग 2000 साली त्यांनी 350 जाहिरातदार गोळा करून स्वतःच्या जाहिराती सुरू केल्या आणि 2002 मध्ये त्याही बोलीवर आणि क्लिकवर आणल्या. ग्रॉसची कंपनी, तोपर्यंत 'ओव्हर्चर' झालेली, 2003 साली याहूनं विकत घेतली.

मामांनी चिंतेचा भाग सोडून दिला. त्यांचे कान 'बोली' या शब्दाला उभे राहिले होते. त्यांचं आयुष्य बाजार समितीत कापसाच्या गाडीवर बसून गेलं आहे.

"लिलाव हाय मंग. जास्त बोली त्याचा माल."

"तसं नाही, आबा. जिंकनाऱ्याले आपली पुरी बोली द्या लागत नाही. खालच्याच्यावर राहाले जेवढं लागते तेवढंच."

मामा बराच वेळ गप्प बसले. "असा लिलाव आमच्याकडे झाला तं व्यापारी नाचतीन," ते म्हणाले. "अन् इकनारा?"

"इकनारी कंपनीच हाय. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यायपैकी."

"मंग बरोबर हाय."

पुढे पुतण्यानं सांगितलं की नुसत्या बोलीवर भागत नाही. जाहिरात शोधाला किती जुळते, लोक दाबतील की नाही, आतलं पान कसं आहे, हे सगळं पाहून गुण देतात. गुण चांगले असले तर कमी बोलीवालाही वर जातो. "प्रत काढते म्हना ना," मामा म्हणाले. "ओलावा किती, धागा किती लांब. अन् तुहा कूलर पाहिल्याबिगर प्रत काढते?" पुतण्या म्हणाला, कूलर कोणी पाहत नाही, पान पाहतात. मामांनी पेंग्विनकडे पाहिलं आणि पान खायला बाहेर गेले.

लेखन विभागाचं काम अवघड निघालं. एका मथळ्याला 30 अक्षरं, त्यात स्पेसही आली. असे पंधरापर्यंत मथळे द्यायचे आणि यंत्र त्यांतले दोन-तीन आपल्या मनानं जोडून लोकांना दाखवणार. मी 'ग्रीष्माच्या दाहात शीतल विसावा' हा मथळा दिला. घरात कोणी काही बोललं नाही, फक्त पुतण्यानं 'काका, हे कोनी शोधत नाही' असं हळूच सांगितलं. दादानं 'आमची कुठेही शाखा नाही' दिला, कारण दुकानाच्या पाटीवर तेच आहे. वहिनींनी 'उधार बंद' दिला. यंत्रानं विचार केला, हजारो पर्याय तोलले आणि वर्धा जिल्ह्याला पुढील जाहिरात सादर केली: 'वर्ध्यातला दमदार कूलर – उधार बंद – आमची कुठेही शाखा नाही.' माझा शीतल विसावा आजतागायत एकदाही लागलेला नाही. त्याच्यापुढे 'कमी' असा शेरा मात्र आहे.

जाहिरात सुरू झाली तो दिवस रामनवमीसारखा गेला. दादानं फोनवर शोधलं, सगळ्यात वर स्वतःचं दुकान दिसलं, आणि त्याला भरून आलं. त्यानं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: 'आपली जाहिरात जगात पहिली. सर्वांनी शोधून पाहावे.' सर्वांनी पाहिलं. पुलगावच्या मावशीनं पाहिलं, आर्वीच्या आत्यानं पाहिलं. देवळीच्या जावयानं पाहिलं आणि त्याच्या आईलाही दाखवलं, तिच्या फोनवर. पाहिलं म्हणजे दाबलं. कौतुक दुसरं कसं करणार? एकाच माणसानं पुन्हा पुन्हा दाबलं तर यंत्र ते ओळखतं आणि पैसे सोडून देतं म्हणे. पण आमची माणसं निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या फोनवरून, मनापासून, एकेकदाच दाबत होती. इतकं प्रामाणिक कौतुक जगातल्या कोणत्याही यंत्राला बनावट वाटलं नसतं.

आम्ही रोजचे 200 रुपये ठरवले होते. ते अकरा वाजता संपले. संध्याकाळपर्यंत 400 च्या जवळ गेले. पुतण्यानं नियम सांगितला: एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतं, पण महिन्याचा हिशेब 30.4 दिवसांच्या वर जात नाही. "30.4 दिवसाचा महिना कोन्या कॅलेंडरात राह्यते?" वहिनींनी भिंतीकडे पाहत विचारलं. वर्षाला बारानं भागलं की तेवढे येतात, हे त्यांना पटलं. मग वर 18 टक्के जीएसटी का, हे पटलं नाही.

त्या रात्री ग्रुपवर दुसरी सूचना गेली: 'कृपया शोधावे पण दाबू नये.' आमचे नातेवाईक शब्दाला जागणारे आहेत. ते शोधू लागले आणि दाबेनासे झाले. सकाळ-संध्याकाळ सगळे 'वर्धा कूलर' शोधत, जाहिरात आहे ना याची खात्री करत आणि न दाबता फोन ठेवून देत. इतके लोक पाहतात आणि एकही दाबत नाही, म्हणजे जाहिरातीत दम नाही, असा यंत्राचा समज होऊ लागला. शिवाय रोज पाहून न दाबणाऱ्याला ती दाखवणंही यंत्र सोडून देतं. मावशीचा फोन आला: "आमच्याकडून दिसून नाही रायली. पैसे बुडाले का रे?" दादाच्याही फोनवर दिसेना. स्वतःची जाहिरात न दाबता, न शोधता पाहण्यासाठी आत एक वेगळं साधन दिलेलं असतं, ते पुतण्यानं दाखवलं. पण त्यात पाहण्यात दादाला राम वाटेना. आरशात पाहावं आणि आरशानं 'हा नमुना आहे' असं लिहून दाखवावं, असं काहीतरी त्याचं झालं.

घरात खरी करमणूक सुरू झाली ती मात्र 'सर्च टर्म्स' नावाच्या यादीनं. लोकांनी काय काय टाइप केलं तेव्हा आपली जाहिरात दिसली, याची ती यादी. जुळवणी सैल ठेवली की यंत्र 'कूलर' या शब्दाच्या आसपास फिरकलेल्या प्रत्येकाला दुकानात आणतं. 'कूलरचे चित्र कसे काढावे.' 'कूलर पाणी फेकतो उपाय.' 'कूलरला माशाचा वास.' 'जुना कूलर कोण घेतो.' 'लॅपटॉप कूलर.' 'कूलर की एसी निबंध.' 'कूलर घरी फुकट कसा बनवावा', आणि हा शोधणारा आत येऊन बराच वेळ दादाच्या कूलरचे फोटो मोठे करून पाहून गेला होता. वहिनींनी रात्रीची मालिका सोडली आणि यादी धरली. 'शेजाऱ्याच्या कूलरचा आवाज तक्रार कुठे करावी' ही ओळ आली त्या दिवशी त्यांनी फोन खाली ठेवला, खिडकीचा पडदा सारला आणि शेजारच्या घराकडे पाहून म्हणाल्या, "हे बाईच हाय." आमचा घरचा कूलर खडखडतो, हे खरं आहे. दादा दुसऱ्यांचे दुरुस्त करतो. यादीच्या शेवटी 'इतर' म्हणून काही शोध झाकलेले असतात; फार थोड्या लोकांनी टाइप केलेलं कंपनी दाखवत नाही. वहिनींच्या मते खरं काय ते त्या 'इतर'मध्ये आहे.

नको ते शब्द वगळता येतात. पुतण्यानं 'चित्र', 'निबंध', 'फुकट', 'लॅपटॉप' वगळले. पण तोपर्यंत आमच्यावर पिंपरी कोसळली होती.

पिपरी मेघे हे गाव यंत्रालाच काय, सरकारलाही एका दमात कळत नाही. जनगणनेत ते शहर आहे आणि दप्तरात ग्रामपंचायत. शेजारी सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे. मेघे म्हटलं की सावंगीचं मेडिकल कॉलेज, म्हणून दोन पालकांनी दादाला एमबीबीएसच्या जागा विचारल्या. एकाला तर दादानं 'आधी चार हजार भरा, बाकीचे फिटिंगनंतर' असं सांगितलंसुद्धा. हे चालून गेलं. पण पुण्याजवळचं पिंपरी-चिंचवड हे प्रकरण निराळं. तिथला एक गृहस्थ फोनवर आला.

"आज मिळेल का कूलर?"

"मिळन ना जी. कुठं पाठवू?"

"पिंपरी. स्टेशनसमोर या, मी घ्यायला येतो."

दादानं टेम्पो वर्धा स्टेशनला पाठवला. तासाभरानं दोन्ही पक्ष तापले.

"अहो, मी स्टेशनसमोर उभा आहे!"

"माहा पोरगा बी स्टेशनसमोरच उभा हाय जी."

"मला दिसत नाहीये."

"निळा कूलर हाय टेम्पोवर, सहा फूट. कसा नाही दिसून रायला?"

"इथे एकही निळा कूलर नाही!"

"तुमी हात वर करा."

पलीकडे त्या माणसानं हात वर केला असावा, कारण थोडा वेळ शांतता होती. मधे अख्खा मराठवाडा होता. उलगडा झाला तेव्हा तो गृहस्थ हसला नाही. दादानं त्याला 'उन्हाळाभर ऑफर चालू हाय, कधीबी या' असं सांगून फोन ठेवला.

पुतण्यानं तडकाफडकी 'पिंपरी' हा शब्द वगळला. दुसऱ्या दिवशी जाहिरात कुठेच नाही. पाहतो तर आमच्या गावातले अर्धे लोक स्वतःच्या गावाचं नावही अनुस्वार देऊन 'पिंपरी मेघे' असं टाइप करतात. पुण्याला घालवायला गेलो आणि गल्ली गेली. शब्द परत घ्यावा लागला.

याच सुमारास कंपनीच्या सल्लागाराचा फोन येऊ लागला. गोड आवाज, दर वेळी नवा माणूस, सल्ला तोच: रोजची रक्कम वाढवा.

"सर, तुमचा ऑप्टिमायझेशन स्कोअर 61 टक्के आहे."

"माह्या पोराले बारावीत तेवढेच होते," दादा म्हणाला. "त्याचं काई अडलं नाही."

सल्लागार म्हणाला, आम्ही दिलेल्या सूचना एकेक करून 'लागू' करा, स्कोअर 100 होईल. दादा रात्री चष्मा लावून बसला आणि प्रत्येक सूचनेपुढचं 'नको' दाबत गेला. शेवटची सूचना नाकारली आणि स्कोअर 100 झाला. हे खरंच असंच आहे: सूचना मान्य केली काय, फेटाळली काय, गुण मिळतात. आयुष्यात कोणत्याही परीक्षेत दादाला इतके गुण पडले नव्हते, आणि तेही प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणून.

मामा पुन्हा आले तेव्हा हिशेब ऐकून म्हणाले, "बापूनं बरं केलं." त्यांचं म्हणणं असं की पुढे 1936 साली इथं आठ किलोमीटरवर सेवाग्रामला येऊन राहिलेल्या माणसानं 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' पहिल्यापासून जाहिराती न घेता चालवले आणि त्यात काही नुकसान झालं नाही असं आत्मकथेत लिहूनही ठेवलं.

"त्यायले कूलर नोता इकाचा," दादा म्हणाला.

"त्यायले लागतच नोता. डोक्यावर ओलं फडकं ठेवत."

धंद्यातल्या माणसाप्रमाणे दादानं त्यावर विचार केला. ओलं फडकं आणि वारा. तत्त्व तर तेच. "मोटर नोती फक्त," तो म्हणाला.

मग पुतण्यानं आणखी एक सुचवलं: आपल्याच नावावर बोली लावू. आमच्या दुकानाला नाव शेगावच्या महाराजांचं, म्हणजे विदर्भातल्या दर तिसऱ्या दुकानाचं, तेव्हा दुसरा कोणी वर येऊन बसण्याआधी आपण बसलेलं बरं. ईबे कंपनीनं 2012 मध्ये हे उलट करून पाहिलं होतं. स्वतःच्या नावावरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद केल्या. गिऱ्हाईक घटलं नाही, जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट ओळीवर दाबून आत आले. जे यायचेच होते त्यांना आणण्याचे पैसे इतके दिवस जात होते. तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर मोठा निबंध लिहिला, 2015 साली 'इकॉनोमेट्रिका'त छापून आला. आम्ही हे वाचलं होतं, पण ईबे कूलर ठोकत नाही म्हणून नावावर बोली लावली.

दुकानाचं नाव शोधणारे लोक कोण असतात? ज्यांनी दुकानातून कूलर नेलेला आहे ते. रात्री दहाला पंप बंद पडतो, माणूस घामाघूम होतो, दुकानाचं नाव टाइप करतो, वर जाहिरात येते, जाहिरातीतच फोनचं बटण असतं, तो दाबतो. दादाचे पंधरा रुपये जातात आणि दादा फोन उचलतो.

"कायचा दमदार कूलर बे? पंप पयल्याच महिन्यात गेला!"

आधी शिव्या फुकट मिळत होत्या. आता त्यांचा लिलाव होत होता आणि दादा दर वेळी पहिला येत होता.

एप्रिलच्या शेवटी अवकाळी पाऊस पडला, गारा आल्या, दोन दिवस लोकांनी चादरी काढल्या. जाहिरात चालूच. दादा ती बंद करायला निघाला होता, तेवढ्यात पिंपरी-चिंचवडहून फोन आला. दादानं नाव ऐकताच "स्टेशनवर कोनी येनार नाही" असं आधीच सांगून टाकलं. पण हा मूळ इथलाच निघाला. कंपनीत नोकरीला तिकडे, आई एकटी इकडे पिपरीत. तिच्यासाठी कूलर हवा होता. पुण्यात बसून त्यानं 'पिपरी मेघे कूलर' शोधलं, तीन-चारदा पान उघडून पाहिलं आणि सगळ्यांत मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सांगितला. त्यानं भाव केला नाही. पैसे तिथल्या तिथे फोनवर पाठवले. दादा फोन ठेवून बराच वेळ स्वस्थ बसला. भाव न करणारं गिऱ्हाईक त्यानं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पुतण्यानं छाती फुगवून सांगितलं की जाहिरातीच्या सेटिंगमध्ये 'या गावात राहणारे' यांच्याबरोबर 'या गावात रस असणारे'ही धरलेले असतात, ते आपण काढलं नव्हतं म्हणून हे झालं.

पत्ता पाहिला. दुकानामागची दुसरी गल्ली.

टेम्पो निघण्याआधीच काकू स्वतः चालत आल्या. कूलरभोवती एक फेरी मारली, ताटी नखानं खरवडून वास घेतला.

"माह्या पोरानं मोबाइलमंदी शोधू शोधू तुमचं दुकान काढलं म्हंते," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, बापू, मी तं रोज देवळात जाताना त्याच्यासमोर उभी राह्यते. वारा चांगला लागते. मले सांगतलं असतं तं मीच आली असती."

दादाला गप्प बसता आलं असतं. पण एवढ्या उन्हाळ्याचं साचलेलं होतं. "काकू, तुमच्या पोरानं दाबलं त्याचे बी मले पैसे पडले. येका येळेचे पंधरा."

"कितीक येळा दाबलं त्यानं?"

"चारदा धरा."

"म्हंजे साठ रुपये." काकूंनी हिशेबाला वेळ लावला नाही. "अन् मी पायी आली असती तं?"

"तं काईच नाही लागलं असतं."

"मंग साठ कमी करा."

"पन काकू, पैसे तं तुमच्या पोरानं पुरे देले."

"मंग मले नगदी द्या. त्याले नका सांगू."

दादानं गल्ल्यातून साठ रुपये काढून दिले. काकूंनी ते मोजून कमरेला खोचले, समोरच्या चालू कूलरपुढे स्टूल ओढून घेतलं आणि पंपाची गॅरंटी किती वर्षांची, ते विचारलं.